मुंगीची भारचाचणी

बाईच्या डोक्यात नोकरी सोडायचं खूळ शिरलं ते एका साध्या घासामुळे, हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

बाई म्हणजे टकटकबाई. हे नाव तिला ऑफिसातल्या लोकांनी ठेवलं, कारण ती पूल तपासते. तपासते म्हणजे शिडी लावून पुलाच्या पोटाखाली चढते, छोट्या हातोडीने काँक्रीटवर टकटक करते आणि कान लावून ऐकते. खणखणीत आवाज आला तर पुढे जायचं, पोकळ आला तर खडूने गोल करायचा. वरून ट्रक धडधडत जात असतात आणि खाली ही एकटी, मान वर करून, पुलाचं म्हणणं ऐकत असते. या कामावर तिचा फार जीव. आता अशा बाईला खरं तर अहो-जाहो करायला हवं, पण ती इतकी आपल्यातली आहे की माझ्याच्याने ते व्हायचं नाही.

तर त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मुंगी जेवत होती. मुंगी ही तिची मुलगी. नुकती चालायला लागलेली, आणि जमिनीवरचा कुठलाही कण चिमटीत धरून थेट तोंडात घालण्यात पटाईत, म्हणून मुंगी. सासूबाईंनी तिच्यापुढे घास धरला. मुंगीने गाल फुगवले, ओठांचा चंबू केला आणि अशी काही फुंकर मारली की दोन शितं सासूबाईंच्या चष्म्यावर जाऊन बसली.

"अय्या! हे कधीपासून करायला लागली?" बाईने विचारलं.

"झाले की चार-पाच दिवस," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या.

"पाळणाघरातसुद्धा करते," नवरा म्हणाला. "गार पाण्यावर पण मारते फुंकर. आम्ही हसून हसून लोळतो."

"तुलाही माहीत होतं?"

"अगं, सगळ्यांनाच माहीत आहे."

नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. पण समोरच्या माणसाचे डोळे भरून आलेत की काय, एवढं काही त्याला अजून दिसत नाही. बाई आत गेली, तोंडावर पाणी मारून बाहेर आली आणि म्हणाली, "पोरीला आईची गरज आहे. मी नोकरी सोडावी म्हणते."

पोरीने तशी कसलीच तक्रार केलेली नव्हती. ती तेव्हा वाटीवर फुंकर मारत होती.

"तू म्हणशील तसं," सासूबाई म्हणाल्या. लग्न झालेल्या कुठल्याही बाईला विचारा, या तीन शब्दांसारखे घातक शब्द दुसरे नाहीत. नवऱ्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि "ओढूनताणून भागेल" असं सांगून टाकलं. त्यामुळे निदान तो एक वाद तरी मिटला. उरलेले वाद घालायला शेजारच्या काकू होत्याच.

काकूंनी पूर्वी नोकरी केलेली, मग सोडलेली, मग दुसरी धरलेली. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा हक्क आपल्याला आहे असं त्या समजतात आणि तो एकाच बैठकीत बजावतात. "सोड बाई, सोड! हे दिवस पुन्हा यायचे नाहीत," असं डोळे मिटून म्हणाल्या, आणि डोळे उघडून लगेच, "पण सोडलीस की संपलं हं. माझं बघ. दिवसभर घरात बसून मी भिंतीशी बोलायला लागले होते." मग चहाचा घोट घेऊन पुन्हा, "पण भिंती उलट उत्तर तरी देत नाहीत. साहेब देतात." बाई तिथून उठली तेव्हा तिचं डोकं गरगरत होतं.

शेवटी तिने ठरवलं की लोकांना विचारण्यात अर्थ नाही. पुलाचं काय करायचं ते आपण लोकांना विचारतो का? नाही. आपण भारचाचणी घेतो. म्हणजे असं की, पुलावर वाळूने भरलेले ट्रक उभे करायचे. पूल किती वाकतो ते मोजायचं. थोडा काळ भार तसाच ठेवायचा. मग ट्रक काढून घ्यायचे आणि पूल पुन्हा वर येतो का ते बघायचं. आला जागेवर, तर पूल चांगला. नाही आला, तर तो आता पूर्वीसारखा राहिलेला नाही असं समजायचं.

"मी आठवडाभर रजा घेते," ती नवऱ्याला म्हणाली. "दिवसभर मुंगीजवळ राहते. मग एक दिवस तिला पुन्हा पाळणाघरात सोडते. तिला जड गेलं, रडली, हिरमुसली, तर नोकरी सोडायची. नाही गेलं, तर नाही."

"म्हणजे यात पूल कोण?"

"मुंगी."

"आणि वाळूचा ट्रक?"

"मी."

संसारात इतकी वर्षं टिकलेला माणूस बायकोने स्वतःला ट्रक म्हटल्यावर हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

रजेचं प्रकरण ऑफिसच्या बाबूंकडे होतं. बाबू म्हणजे नियम कोळून प्यालेला माणूस.

"कारण?" बाबूंनी विचारलं.

"घरी राहायचंय."

"आजारी आहात?"

"नाही."

"घरात लग्नकार्य?"

"नाही."

"मग कुणी... गेलं वगैरे?"

"अहो नाही हो! सगळे ठणठणीत आहेत."

"सगळे ठणठणीत असताना माणूस घरी कशाला राहील?" बाबूंना खरोखरच कळेना. खूप विचार करून त्यांनी कारणाच्या जागी 'किरकोळ' असं लिहिलं. बाईच्या आयुष्यातला एवढा मोठा प्रश्न आणि सरळ किरकोळ! पण रजा मिळत होती, म्हणून तिने अपमान गिळला.

पहिल्याच दिवशी तिने एक घोडचूक केली. चाचणी चालू असताना पुलावर दुसरी रहदारी नको, हा त्यांच्या धंद्यातला नियम. नाहीतर वाक कुणामुळे आला ते कळत नाही. तो नियम तिने जसाच्या तसा घरात आणला. सासूबाई रोज दुपारी मुंगीला पाळणाघरातून आणत, भरवत, खेळवत. त्यांना ती म्हणाली, "आई, हा आठवडाभर तुम्ही मुंगीजवळ येऊ नका हं. अगदी घ्यायचंसुद्धा नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि त्या काकूंकडे जाऊन बसल्या. त्या "बरं"चा आवाज पोकळ होता. पण बघा, जन्मभर पोकळ आवाज ओळखण्याची भाकरी खाणाऱ्या बाईला तो ऐकू आला नाही.

आणि मग सुरू झाला तो आठवडा.

बाईला वाटलं होतं, लहान मूल सांभाळणं म्हणजे त्याला खाऊ घालणं, धुणं, पुसणं, निजवणं, आणि मधल्या वेळात आपण दोन कपडे वाळत घालणं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की घरात एक अखंड काम चालू आहे आणि ते तिच्या मुलीचं आहे. मुंगी सकाळी उठायची ती थेट कामाला लागायची. खुर्चीवरून चमचा खाली टाकायचा. तो पडला. दिला की पुन्हा टाकायचा. पुन्हा पडला. "पडतोच गं तो," बाई म्हणायची. पण मुंगीचा त्यावर एवढ्यात विश्वास बसणार नव्हता. कोण जाणे, एखाद्या वेळी नाही पडणार! बाईने सुरुवातीला कंटाळत चमचे उचलले, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपणही श्वास रोखून बघतोय, या वेळी पडतो का ते.

सकाळी खिडकीतून उन्हाचा एक तुकडा जमिनीवर यायचा. मुंगी त्याच्यापुढे बसायची, चिमटी करायची आणि तो उचलायला बघायची. हात वर यायचा, हातात काही नाही. ती हाताकडे बघायची. मग उन्हाकडे. ऊन तिथंच. मग पुन्हा चिमटी. रडणं नाही, चिडणं नाही. उद्या पुन्हा. बाई दारात ओला टॉवेल घेऊन उभी, आणि टॉवेलातलं पाणी तिच्या पायावर टपटपतंय, तिला पत्ता नाही. इतकी वर्षं ती बारीक बघण्याचं काम करत होती, केसाएवढा तडा तिच्या नजरेतून सुटत नसे, आणि हे रोज आपल्या घरात चालत होतं! तिला एकदम भरून आलं. देवळात गेल्यावर माणूस जसा आपोआप हळू बोलायला लागतो, तशी ती त्या खोलीत हळू बोलायला लागली.

घर मात्र उकिरडा झालं होतं, हेही सांगायला हवं. दूध उतू गेलं, मोज्यांच्या जोडातला एक सापडेना आणि नवऱ्याला सलग दोन संध्याकाळी नुसत्या ब्रेडवर काढाव्या लागल्या. "आज काय काय केलंस?" त्याने बिचाऱ्याने सहज विचारलं. "आज आम्ही बादलीचं झाकण बघितलं," बाई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळलेला होता की त्याने ब्रेडला जॅम लावून घेतला आणि गप्प बसला.

मग झालं ते भिंतीचं प्रकरण. मुंगीच्या हाती लाकडी चमचा लागला आणि तिने स्वयंपाकघराची भिंत बडवायला घेतली. ठक. थोडं सरकून ठक. आणखी सरकून ठक. आणि मग एका जागी, ढब. मुंगी थांबली. पुन्हा मारलं. ढब. तिने मान वळवून आईकडे बघितलं.

बाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. भिंत तिथं खरंच पोकळ होती! ऑफिसात नव्या माणसांना हा आवाज ओळखायला शिकवता शिकवता नाकी नऊ येतात, आणि हे एवढंसं पोर! बाई धावत जाऊन आपली हातोडी घेऊन आली. दोघी मायलेकी भिंतीपुढे बसल्या. बाईने ठोकत ठोकत पोकळ भागाभोवती खडूने गोल काढला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कामाची माणसं अशी थांबत नाहीत. खात्री करावी म्हणून तिने मधोमध एक जरा जोरात ठोका दिला.

भिंतीच्या पलीकडे काकूंचं घर. तिथं काकू आणि सासूबाई चहा पीत बसल्या होत्या. परातीएवढा गिलावा पलीकडून सुटला आणि टेबलावर येऊन आदळला. मग ज्या किंकाळ्या उठल्या त्या ऐकून मुंगी आनंदाने टाळ्या पिटायला लागली.

काकू दारात आल्या तेव्हा त्यांचे केस पांढरेफटक झाले होते आणि मागे सासूबाई कानातली धूळ काढत होत्या.

"काय गं, भिंत का फोडतेस?" काकू ओरडल्या.

"फोडत नव्हते हो, तपासत होते. तुमचा गिलावा आतून सुटलाय. आधी मुंगीच्या लक्षात आलं, मग मी ठोकून बघितलं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पण सकाळपासून केस न विंचरलेली बाई हातात हातोडी घेऊन, खडूने पांढऱ्या झालेल्या पोरीकडे बोट दाखवून हे सांगू लागली, तर ऐकणाऱ्याने काय समजावं? काकू सासूबाईंकडे वळल्या. "ही आता कायमची घरी राहणार?"

"मला काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. "मला कुठं काय विचारतात."

काकूंनी याचा अर्थ "हो" असा घेतला. त्यांनी लेकीला फोन केला. लेकीने ते आपल्या नवऱ्याच्या कानावर घातलं. आणि काकूंचा हा जावई बाईच्याच ऑफिसात नकाशे काढायचा, आणि खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीवर त्याचा कधीपासून डोळा होता. पुढचं तुम्हीच ओळखा.

भार काढायचा दिवस उजाडला. बाईने मुंगीला आंघोळ घातली, नवे कपडे चढवले आणि पाळणाघर गाठलं. आता रडेल, आता गळ्याला मिठी मारेल. तिने मुंगीला खाली ठेवलं. समोर चाकं निखळलेली एक खेळण्यातली मोटार पडली होती. मुंगी तुरुतुरु चालत मोटारीकडे गेली आणि खाली बसली. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

"जा तुम्ही," पाळणाघरवाल्या मावशी म्हणाल्या. "मजेत असते ती."

बाई गेली नाही. खिडकीआड उभी राहिली. मुंगी मोटारीवर फुंकर मारत होती. हिरमुसणं नाही, शोधणं नाही, काही म्हणजे काही नाही. निकाल लागला होता. पूल शंभर नंबरी. पोरीला आईवाचून उत्तम चालत होतं आणि नोकरी सोडायचं काडीचंही कारण उरलेलं नव्हतं. बाईने स्वतःला सांगितलं की आपल्याला फार आनंद झालाय.

ऑफिसच्या वाटेवर एका बंद दुकानापुढे उन्हाचा चौकोन पडला होता. बाई त्याच्यापुढे थांबली. माणसं तिला वळसा घालून जात होती. आत्ता, या घटकेला, मुंगी कुठलं तरी झाकण उचलत असेल आणि त्याखाली काय आहे ते तिला पहिल्यांदा दिसत असेल, आणि ते आपण बघत नाही आहोत. बाईला भर रस्त्यात हुंदका आला. भार काढल्यावर जागेवर परत न आलेला पूल वेगळाच निघाला होता. मोजायचं कुणाला, हेच तिचं चुकलं होतं.

ती ऑफिसात शिरली तर तिच्या खुर्चीवर काकूंचा जावई बसून उंची खालीवर करून बघत होता. टेबलावर केक होता. फुलं होती. सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि साहेब उठून उभे राहिले. आपल्याला निरोप देतायत हे कळायला बाईला थोडा वेळच लागला. तिने न सोडलेल्या नोकरीतून हे लोक तिला इतक्या प्रेमाने निरोप देत होते, आणि "जाऊ नका" असं म्हणायला एकाही मेल्याने तोंड उघडलं नव्हतं! तिला हे फार लागलं.

"आईचा त्याग..." साहेबांनी सुरुवात केली. साहेब तसे रुक्ष, पण भाषणात त्यांना त्याग हा शब्द फार आवडतो. "स्वतःच्या हौसेवर पाणी सोडून लेकरासाठी..."

"साहेब," बाई म्हणाली, "मी राजीनामा दिलेला नाही."

खुर्ची खालीवर व्हायची थांबली. बाबूंच्या हातातला केक तोंडापाशीच राहिला.

"आणि त्यागबिग काही नाही हो," बाई म्हणाली. "माझ्या मुलीला माझी काही गरज नाही. मी तपासून बघितलंय. पण ती ऊन उचलते हो, साहेब. जमिनीवरचं ऊन. रोज. हाताला लागत नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. आणि मी इकडे असते. हे काम सोडताना माझा जीव तुटणार आहे. पुलाखाली उभं राहायला मला जितकं आवडतं तितकं दुसरं काहीच आवडत नव्हतं. पण आता हे आवडतंय त्याच्याहून जास्त. मला ते बघायचंय. तिच्यासाठी नाही. माझ्यासाठी. म्हणून मी राजीनामा देते."

बाबूंनी केक खाली ठेवला.

"हे नियमात बसत नाही. आधी राजीनामा, मग निरोप, मग केक. आता केक अर्धा संपलाय. राजीनामा कालचा दाखवावा लागेल."

"दाखवा."

"आणि कारण? प्रकृती लिहू? घरची अडचण?"

"अडचण काहीच नाही. आवड लिहा."

"आवड हे कारण नसतं, बाई! आवडीसाठी कुणी नोकरी सोडल्याचं आजवर ऐकलं नाही. बालसंगोपन लिहितो."

"तिचं संगोपन छान चाललंय. खोटं लिहू नका."

दोघंही हट्टाला पेटले. साहेब इतका वेळ खिडकीकडे बघत होते. त्यांचा त्याग अर्धाच राहिला होता, पण त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"लिहा," साहेब म्हणाले, "अन्यत्र पाहणीचं काम मिळाल्यामुळे."

"कुणाकडे, साहेब?"

"लिहा म्हटलं ना."

बाबूंनी लिहिलं. "आणि यांच्याकडचं काम कुणी ताब्यात घ्यायचं?" एवढं विचारायचं ते विसरले नाहीत. "मी घेतलंय," जावई खुर्चीतून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात शांत होतं. मुंगी जमिनीवर फतकल मारून बसली होती. कपड्यांचे चिमटे एकेक करून बाबाच्या बुटात टाकणं चाललं होतं. बाई तिच्या मागे येऊन बसली. आता कुठंही जायचं नव्हतं. तिला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त काहीतरी वाटलं, ज्याला तिच्याजवळ शब्द नव्हता.

सासूबाई चपला घालत होत्या. "मी बसते जरा काकूंकडे," त्या म्हणाल्या. "तुझं चालू दे."

बाईने वर बघितलं. सासूबाई दाराकडे वळलेल्या, पण नजर मुंगीच्या हातावर, त्या बुटावर. पाऊल काही उचलत नव्हतं. मग कुठं बाईच्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने रोज दुपारी, हे सगळं, कोण बघत होतं?

"आई," ती म्हणाली, "नका जाऊ."

"नको कशी? तुझी ती चाचणी का काय ती..."

"माझं चुकलं, आई. या ना."

सासूबाईंनी चपला काढल्या, त्या आत आल्या, आणि न बघता भिंतीलगतच्या एका ठरावीक जागी पाय पसरून बसल्या.

"आठवडाभरात काय काय नवीन शिकली ते आधी सांग मला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा ओला होता. "एक न एक सांगायचं. गाळायचं नाही."

बाई सांगायला लागली. चमचा, झाकण, ऊन. सासूबाई "हो?" म्हणत होत्या, "अगंबाई!" म्हणत होत्या, आणि त्यांचे डोळे मुंगीवरून हलत नव्हते. मध्येच त्यांनी हात वर करून बाईला गप्प केलं. मुंगीने बूट उचलला होता.

"तिथून काय बघतेस," सासूबाई कुजबुजल्या आणि सरकून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली. "तिथून नुसती पाठ दिसते. इथं ये. इथून तोंड दिसतं."